राणीची बाग: सकाळ प्राण्यांची, दुपार झाडांची

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं कुटुंब, आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीतल्या सासूबाई. गेल्या मे महिन्यात एका रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विनच्या रांगेत जीव मेटाकुटीला आला, वाघ झोपलेला, मुलांचं सगळं लक्ष आइस्क्रीमकडे आणि आजी एका बाकावर बसून राहिल्या. आता मुलांच्या आई विचारतात, "तिथे खरंच अख्खा दिवस घालवण्यासारखं काही आहे का? असेल तर कसा आखावा? झाडं बघा असं सगळे म्हणतात, पण आम्हाला झाडांतलं काही कळत नाही."

आहे, नक्की आहे. फक्त मे महिन्यातला रविवार नको आणि सगळंच बघून टाकायचा अट्टहास नको. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता कॉलेजची मुलं, शाळकरी पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा यांचे गट घेऊन मी कित्येक वर्षं या बागेत जाते आहे. कंटाळून परतणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: उशिरा पोचलो, प्राणी झोपलेले, ऊन मी म्हणत होतं. यातलं काहीच नशिबाचं नसतं, वेळेचं असतं.

मुळात ही बाग प्राण्यांसाठी केलेलीच नव्हती. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला माउंट इस्टेटीच्या जमिनीवर नवी बाग उभी राहिली. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीने १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिचं उद्घाटन केलं. कागदावर व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडी राणीची बाग. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालय त्यानंतर, १८९० मध्ये, आणखी पंधरा एकर जागा जोडून झालं. म्हणजे पहिला पिंजरा येईपर्यंत झाडांची एक पिढी तिथे मोठी झालेली होती. आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाच्या या सुमारे ५३ एकरांत तीन हजारांवर झाडं आहेत आणि त्यातली कितीतरी आफ्रिका, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका इथून आणून लावलेली. प्राणी बदलतात, मरतात, दुसऱ्या शहरातून येतात. झाडं आहेत तिथेच आहेत आणि त्यांच्यासाठी रांग लावावी लागत नाही.

तरी मुलांना घेऊन जाताना "आज आपण झाडं बघायला जाणार" असं चुकूनही म्हणू नका. मुलं वाघासाठीच येतात आणि त्यात गैर काही नाही.

आधी दिवस निवडा. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, तेव्हा सणासुदीच्या आठवड्यात आधी खात्री करून घ्या. ही आठवड्याची सुट्टी कर्मचाऱ्यांइतकीच प्राण्यांसाठीही असते. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण शाळांच्या सहलींच्या बस एकामागून एक उतरतात. माझ्या मते फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार उत्तम. ऊन अजून तापलेलं नसतं, सहली ओसरलेल्या असतात आणि बागेतली काही अतिशय देखणी झाडं नेमकी याच सुमारास फुलतात. पाचवीच्या आतल्या मुलांनी शाळेला एक दांडी मारली म्हणून आभाळ कोसळत नाही.

तिकीट खिडकी साडेनऊला उघडते. तुम्ही साडेनऊला तिथे हवं, साडेदहाला नव्हे. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं एकत्र तिकीट शंभर रुपयांचं असतं, आजींचं काय ते खिडकीवर विचारा. २०१७ पर्यंत मोठ्यांना पाच रुपये पडायचे, मग एकदम पन्नास झाले, तेव्हा बरीच ओरड झाली होती. ऑनलाइन तिकीटही मिळतं आणि सुट्टीच्या दिवशी तेच बरं. डोंबिवलीहून फास्ट लोकल भायखळ्याला थांबते. पूर्वेला उतरा. निघायची घाई नसेल तर स्टेशनकडे एकदा मागे वळून बघा. मध्य रेल्वेवरच्या जुन्यातल्या जुन्या स्टेशन-इमारतींपैकी ही एक, आणि तिच्या डागडुजीला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पूर्वेकडून बाग पायी पंधरा मिनिटांच्या आत आहे, पण आजींसाठी टॅक्सी करा. त्यांचे पाय आतल्या चालण्यासाठी राखून ठेवा.

आता सकाळ. आत शिरल्यावर सगळी गर्दी पेंग्विनकडे वळते. तुम्ही वळू नका. पेंग्विनच्या दालनाचं तापमान वर्षभर सोळा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवतात. त्यांना बाहेरच्या उन्हाशी देणंघेणं नाही, सकाळी दहाला आणि दुपारी एकला ते सारखेच हुशार असतात. वाघ, बिबट्या, तरस, अस्वल यांचं तसं नाही. ते खऱ्या मुंबईच्या हवेत राहतात. रात्रीच्या खोलीतून मोकळ्या आवारात सोडल्यावर पहिले एक-दोन तास ते सगळं हुंगत फिरतात, रात्रीतून काय बदललं याची पाहणी करतात. ऊन चढलं की सावली गाठून आडवे होतात. म्हणून थंड रक्ताच्या मगरी आणि थंड खोलीतले पेंग्विन दुपारी, बाकीचे सकाळी. सुट्टीच्या दिवशीच जाणं भाग पडलं तर मात्र हा नियम मोडा आणि पेंग्विन पहिल्यांदा उरका, कारण तेव्हा प्रश्न उन्हाचा नसून रांगेचा असतो.

सकाळच्या दोन तासांत चार प्राणी पुरे. मुलांनाच निवडू द्या. प्रत्येकापाशी किमान दहा मिनिटं थांबायचं हा एकच नियम. लोक सरासरी किती थांबतात ते तुम्ही उभ्या उभ्या बघालच: फोन वर, फोटो, पुढे. आपण थांबलो की प्राणी काहीतरी करतो. वाघ असेल तर तो एखाद्या बुंध्यापाशी येऊन हुंगेल, मग तोंड किंचित उघडून नाक आक्रसून चमत्कारिक चेहरा करील. लोक म्हणतात, "बघ, रागावला!" तो रागावलेला नसतो. टाळूच्या वर गंध ओळखणारं एक वेगळं इंद्रिय असतं, तिथपर्यंत वास पोचवायला तो तसं तोंड करतो. वाघाच्या कानांच्या मागे पांढरे ठिपके आहेत का ते मुलीला शोधायला सांगा. अस्वलापाशी गेलात तर मुलाला सांगा की त्याला वरचे समोरचे दोन दात नसतात. त्या फटीतून तो वाळवी सुर्रकन ओढून घेतो आणि जंगलात हा आवाज चांगला लांबवर ऐकू येतो. ज्याचे स्वतःचे पुढचे दात नुकतेच पडून आलेत अशा मुलाला ही माहिती फार जवळची वाटते.

पाणघोड्यापाशी घड्याळ काढा. तो पाण्याखाली गेला की मुलांनी मोजायला सुरुवात करायची. नाकपुड्या, डोळे आणि कान डोक्यावर एका रेषेत असल्यामुळे तो वर येतो तेव्हा एवढंच दिसतं, फुस्स करून श्वास सोडतो, कान फडफडवतो आणि पुन्हा खाली. मोठा पाणघोडा तीन ते पाच मिनिटं सहज खाली राहतो. इतकं पाण्यात राहूनही तो खऱ्या अर्थाने पोहत नाही, तळावर पाय टेकवत चालतो. बाहेर उभा असला आणि त्याच्या कातडीवर लालसर ओल दिसली तर मुलं घाबरतात. ते रक्त नव्हे, घामही नव्हे. कातडीतून पाझरणारा तो एक द्रव आहे आणि तो उन्हापासून तिचं रक्षण करतो. मोजण्याच्या या खेळात पाच वर्षांची मुलंही वीस मिनिटं रमतात, हे मी खात्रीने सांगते.

मुलगा एक प्रश्न विचारेल, आठ वर्षांची मुलं विचारतातच: "त्याला इथे राहायला आवडतं का?" या प्रश्नाला "हो, छान खायला मिळतं की" असं उत्तर देऊन गप्प करू नका. माझं उत्तर असं असतं की हे प्राणी बहुतेक प्राणिसंग्रहालयातच जन्मलेले किंवा जंगलात परत सोडता न येणारे असतात, त्यांची काळजी घेणारी माणसं असतात, आणि तरीही जागा त्यांना जंगलाइतकी नसतेच. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मग मुलाला बघायला शिकवा. एखादा प्राणी त्याच वाटेने, त्याच ठिकाणी वळून, पुन्हा त्याच वाटेने येरझारा घालत असेल तर ती कंटाळ्याची आणि ताणाची खूण असते. तोच प्राणी थांबून हुंगतोय, काही उकरतोय, वर बघतोय, तर त्याचं ठीक चाललंय. संध्याकाळच्या येरझारा मात्र वेगळ्या. मांसाहारी प्राण्यांना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिवस मावळताना आतल्या खोलीत खायला घालतात आणि आठवड्यातून एक दिवस उपास असतो, त्यामुळे चारनंतर ते दाराशी घुटमळायला लागतात. तिथे बोर्ड लावलेला असो वा नसो, मुलाला एवढं कळलं की तो इतर लोकांनाही समजावून सांगायला लागतो. आपण थोडं लांब उभं राहून ऐकावं.

काचेवर टकटक करणं, हाका मारणं, वेफर टाकणं हे प्रकार तुमच्या आसपास होतीलच. प्राण्यांना छेडणं आणि खायला घालणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भांडत बसू नका, शेजारच्या रक्षकाला सांगा, तो बघतो.

साडेअकरा-बाराला सकाळ संपली असं समजा. डबा खाण्याआधी मोठ्या पक्षिविहारातून एक फेरी मारता येईल. तिथे जाळी पक्ष्यांभोवती आहे आणि आपणही जाळीच्या आतच चालतो. डबा घरचाच न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. जेवण झालं की पेंग्विन.

पेंग्विनबद्दल माझं मत फार गोड नाही. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळू लागले, तेव्हापासून बागेची गर्दी कितीतरी वाढली, हे खरं. त्यांची निगाही नीट ठेवतात. पण एवढ्या खर्चाचा थोडा वाटा झाडांच्या पाट्यांवर आणि माहिती देणाऱ्या माणसांवर गेला असता तर मला जास्त आनंद झाला असता. असो. आत गेल्यावर मुलांना बर्फ शोधू देऊ नका, नाहीतर हिरमोड होतो. हे हंबोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्या किनाऱ्याला लागून वाळवंट आहे, फक्त समुद्राचा प्रवाह गार. बर्फाचा त्यांच्याशी संबंध नाही. चोचीच्या बुडाशी गुलाबी, बिनपिसांची कातडी दिसेल. अंग तापलं की तिथून ते उष्णता बाहेर टाकतात. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, तेव्हा एक पेंग्विन निवडून त्याचाच माग ठेवायला सांगा. एखादा फाटक्या उशीसारखा विस्कटलेला, कोपऱ्यात रुसून उभा दिसला तर तो आजारी असेलच असं नाही. पेंग्विनची पिसं एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे तो पाण्यात उतरत नाही. पंधरा मिनिटं पुरेत, गारवाही मिळतो. मगरींचं दालनही याच वेळी करा. काचेतून पाण्याखालची मगर दिसते, आणि निश्चल पडून राहणं हाच तिचा दिनक्रम असल्यामुळे तिथे अपेक्षाभंग होत नाही.

आता दुपार, म्हणजे माझा प्रांत.

"झाडांतलं काही कळत नाही" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर माझं एकच म्हणणं असतं: झाडं ओळखू नका, खाली बघा. झाडाखाली काय पडलंय तिथून सुरुवात करा. तोडायचं काही नाही, पडलेलं हातात घ्यायचं, बघायचं आणि तिथेच ठेवायचं.

कैलाशपतीपासून सुरुवात करा, कारण ते चुकणं शक्य नाही. फुलं फांदीच्या टोकाला नसतात, थेट खोडातून लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात आणि त्याच दांड्यांवर तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं. खाली पडलेलं एक ताजं फूल उचला. बाहेर सहा जाडसर, गुलाबी-केशरी पाकळ्या. मध्ये एक चकती, तिच्या मधोमध बारीक टेकाड आणि चकतीच्या एका बाजूने वर येऊन त्यावर वाकलेली, केसाळ फणी. शंकराच्या पिंडीवर नागाने फणा धरावा तसं दिसतं, म्हणून नागलिंग हेही नाव. आजींना हे आधीच माहीत असण्याची शक्यता दाट आहे, तेव्हा हे फूल त्यांनाच दाखवू द्या. मग मुलांना फणा अलगद उचलायला सांगा. फण्यावरचे केसर आणि खालच्या चकतीवरचे केसर वेगळे असतात. या फुलात मध नसतो. फण्यावरचे पराग हा भुंग्यांसाठी ठेवलेला खाऊ, त्यातून बी तयार होत नाही. भुंगा तो खायला आत घुसतो तेव्हा त्याची पाठ खालच्या चकतीवर घासते आणि खऱ्या कामाचे पराग पाठीला लागतात. खाऊ एकीकडे, काम दुसरीकडे. मूळ घर दक्षिण अमेरिकेत. वास सुंदर, फळाचा मात्र फुटल्यावर असा घाण की कॉलेजची मुलंही पळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सीता अशोक बहरात असेल. नारिंगी-लाल गुच्छ, थेट जुन्या फांद्यांवर. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट वाढणारा असतो तो आसोपालव, त्याचा याच्याशी दूरान्वयानेही संबंध नाही. या फुलाला पाकळ्या नसतातच, रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारा भाग, आणि त्यातून लांब केसर बाहेर आलेले. पण मला मुलांना फुलांपेक्षा पालवी दाखवायला आवडतं. कोवळी पानं फांदीच्या टोकाशी तांबूस, मऊ, माना टाकल्यासारखी लोंबत असतात. नवख्याला वाटतं, पाणी कमी पडलं. मग तिथून उर्वशीकडे जा. मूळची ब्रह्मदेशातली, जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत गणली जाते. लालभडक आणि पिवळ्या ठिपक्यांची फुलं लांब झुंबरासारख्या तुऱ्यांतून उलटी लटकतात. तिचीही कोवळी पानं अशीच माना टाकलेली. ही दोन्ही झाडं शेंगांच्या कुळातली, एकमेकांची नातेवाईक. पान आधी लांबी गाठतं, हिरवा रंग आणि ताठपणा मागाहून येतो. तोवर ते किड्यांना खाण्याजोगं फारसं नसतं आणि लोंबत असल्यामुळे दुपारचं ऊनही त्याच्यावर सरळ पडत नाही. आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांगा: ते सुकलेलं नाही, लपलंय. तो पुढच्या प्रत्येक झाडापाशी स्वतःहून वर बघायला लागेल. उर्वशीला बी क्वचितच धरतं, त्यामुळे ती कुठल्याही शहरात चार-दोनच असतात. खोडावर नखाने नाव कोरणारे महाभाग अशाच झाडांना गाठतात.

गोरखचिंच मुलांना चढायला आवडेल अशी आहे, पण चढू देऊ नका. खोड अवाढव्य फुगलेलं, साल हत्तीच्या कातडीसारखी, आणि आत पाण्याने भरलेलं मऊ लाकूड. मूळची आफ्रिकेची. मार्चमध्ये ती ओकीबोकी असते आणि लोक मेली म्हणून पुढे जातात. पावसाच्या तोंडाला पंजासारखी पानं फुटतात आणि मोठी पांढरी फुलं येतात. ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं त्यांना भेट देतात आणि सकाळी फुलं खाली पडतात. म्हणजे जून-जुलैमधल्या एखाद्या सकाळी दहाच्या सुमारास गेलात, तर रात्री काय झालं याचा पुरावा जमिनीवर पडलेला असतो. तशीच आफ्रिकेतली दुसरी, सॉसेज ट्री. दोरीला दुधी बांधून टांगावेत तशी फळं, आणि गडद लाल फुलं हीसुद्धा रात्रपाळीची.

बुद्ध नारळ हे आणखी एक. उंच, सरळ वाढलेलं झाड. फळ नारळासारखं दिसतं, फोडलं तर आत चपट्या बिया, प्रत्येकीला एक पातळ पंख. पडलेली बी मिळाली तर मुलीला उंच धरून सोडायला सांगा. ती गरगरत, तिरकी जात खाली येते. हा खेळ सुरू झाला की तुम्ही बाकावर बसू शकता. आणि कृष्णवड जरूर शोधा. वडाचंच पान, पण देठाशी दुमडून त्याचा द्रोण झालेला. कृष्णाने लोणी ठेवायला पान दुमडलं ही गोष्ट आजी सांगतीलच. ही वडाचीच एक वेगळी तऱ्हा आहे, एवढं आपण जोडायचं. शेजारी साधा वड असेल तर दोन्ही पानं समोरासमोर धरून बघा.

एवढ्यावर थांबा. मुलांसाठी सात झाडं म्हणजे भरपूर. ब्राउनिया, कोल्व्हिल्स ग्लोरी, मेणबत्तीसारख्या फळांचं कँडल ट्री हे सगळं पुढच्या वेळी. बऱ्याच झाडांना नावाच्या पाट्या आहेत, तिथे फोटो काढून ठेवा. सावलीत चालताना वरून घारी, पोपट आणि तांबट यांचा आवाज येत राहील. हे पिंजऱ्याबाहेरचे रहिवासी, त्यांचं तिकीट कुणी काढत नाही.

ही झाडं आज उभी आहेत याला एक कारण आहे. २००७ च्या सुमारास या बागेच्या पुनर्विकासाचा कोट्यवधींचा आराखडा आला होता. त्यात प्राण्यांसाठी नवी बांधकामं होती आणि जुन्या वनस्पती उद्यानाचं काय होणार, हा प्रश्न होता. काही मुंबईकर बायकांनी झाडांच्या नोंदी हाताशी घेऊन, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो रोखला. वारसा समितीने तो आराखडा मान्य केला नाही. नंतर बदल झाले, पण त्या मूळ स्वरूपात नाहीत. मुलं मोठी झाली की त्यांना हेही सांगा.

आजींचं काय, हा तुमचा खरा प्रश्न असणार. चार तास चालवू नका. दुपारी झाडं बघताना त्यांना वडाच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या (रेन ट्रीच्या) सावलीत बसवा आणि मुलांना बिया, पानं त्यांच्याकडे आणून दाखवायला लावा. शिवाय बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं सर्वांत जुनं, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. पूर्वी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम नाव होतं, १९७५ मध्ये बदललं. तिकीट वेगळं आणि सुट्टी तिथेही बुधवारीच. मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतं, निघण्यापूर्वी चौकशी करा. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख आणि कामधंदे मांडलेत. तिथे आजी बोलायला लागतात आणि मुलं ऐकतात. मला वाटतं, दिवसातला सर्वांत चांगला अर्धा तास तोच ठरतो.

त्याच आवारात एक हत्ती आहे, दगडाचा. घारापुरीच्या बेटावर हा होता, पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून पडले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. सांधे अजून दिसतात, मुलांना शोधायला सांगा. आणि काळा घोडा? तो खरा घोडाही इथेच आहे. सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा हा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून इकडे आणला. काळा घोडा चौकात आज दिसतो तो २०१७ मधला नवा, स्वाराशिवायचा.

चारच्या सुमारास, आजी ताज्यातवान्या झाल्या असतील तर, सकाळच्या चारपैकी मुलांना सर्वांत आवडलेल्या एकाच प्राण्यापाशी पुन्हा जा. एकच. सकाळचा आणि आत्ताचा तो कसा वेगळा वागतोय हे मुलगा स्वतः सांगेल. जाता जाता पर्जन्यवृक्षाकडे बघा, दिवस कलला की त्याची बारीक पानं जोडीजोडीने मिटायला लागतात. पावणेपाचपर्यंत बाहेर पडा. त्यानंतर डाउन फास्टला आजींना बसायला मिळणं तर सोडाच, चढणंही मुश्कील होतं. फर्स्ट क्लासचा पास नसेल तर सीएसएमटीपर्यंत उलटं जाऊन तिथून बसून या, पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील.